परमुलखातील चाकरी, धन आणि विनोद

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत आम्हांस बोलावयास सांगितले गेले, तेव्हा समितीतील वडीलधाऱ्या मंडळींची अपेक्षा अशी असावी की, आम्ही देवळाच्या घंटेविषयी, वेदीविषयी अगर जुन्या धर्मगुरूंच्या कष्टांविषयी चार शब्द बोलू. ते विषय इतर वक्त्यांनी उत्तम रीतीने हाताळले आहेत. आमची दृष्टी मात्र देणगीदारांच्या फलकावर गेली. त्यावरील नावांपुढे सदर, मोहननगर, कामठी अशी ठिकाणे आहेत. तशीच कुवेत, दुबई, मस्कत, दोहा हीही आहेत. गेल्या आठवड्यात त्या फलकाखाली दोघे गृहस्थ उभे होते. एक म्हणाला, "ह्यांना काय कमी? तिकडे वाळूत पैसा उगवतो." दुसरा म्हणाला, "उगवतो ना. फक्त पाणी ज्याचे त्याने घालायचे असते." दोघेही हसले व निघून गेले. ह्यातील दुसरा गृहस्थ अकरा वर्षे तिकडे राबून आलेला आहे. पहिल्याने त्याचे उत्तर थट्टेवारी नेले. आमच्या मते त्याने एका वाक्यात अकरा वर्षांचा जमाखर्च सांगितला होता. आज ह्याच गोष्टीविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे.

पोटासाठी परमुलखात जाणे ही आमच्या मंडळीस नवी गोष्ट नव्हे. किंबहुना नागपूरकडील ख्रिस्तमंडळी मुळातच बाहेरून आलेल्या लोकांची. १८२१ साली कामठीस लष्करी छावणी वसली आणि मद्रासी पलटणींबरोबर तमिळ व तेलुगू भाविक तेथे आले. पुढे आगगाडी आली, तिच्याबरोबर गोवेकर आले. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावाच्या संघाचे पहिले धर्मगुरू १८४५ साली सव्हॉय प्रांतातील अनेसी येथून भारतास निघाले आणि विशाखापट्टणपासून नागपुरापर्यंतचा मुलूख त्यांच्या हाती सोपविला गेला. सव्हॉय त्या वेळी सार्डिनियाच्या राजाकडे होता. १८६० साली तो फ्रान्सास जोडला गेला. इकडे १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निवर्तले आणि पाठोपाठ नागपूरचे राज्य खालसा झाले. म्हणजे जो धर्मगुरू सार्डिनियाचा प्रजाजन म्हणून भोसल्यांच्या राज्यात येऊन बसला, तो दहा-पंधरा वर्षांत, खुर्चीवरून न उठता, इंग्रजी मुलखातील फ्रेंच गृहस्थ झाला! येथील लोक त्यास गोरा, म्हणजे अर्थातच धनाढ्य समजत. वास्तविक सव्हॉय हा डोंगराळ, गरीब प्रांत. तेथील लहान मुले पॅरिसास जाऊन लोकांच्या घरांची धुराडी साफ करीत, आणि पॅरिसकर त्यांच्या काळ्या तोंडांची थट्टा करीत. एकच मनुष्य पॅरिसात दरिद्री आणि कामठीस श्रीमंत.

आम्ही स्वतः वरिष्ठांच्या आज्ञेने काही वर्षे कुवेतमध्ये भारतीय भाविकांच्या सेवेस होतो. तेथे प्रथम जो विनोद आमच्या कानी पडला तो आमच्याच गावच्या माणसाचा. नागपूरकरास आपल्या उन्हाचा केवढा अभिमान! पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेला, हे तो परक्यास असे सांगतो की जणू काही ती त्याची वडिलोपार्जित इस्टेट आहे. असा एक तरुण तेथे आला व पहिले दोन महिने इतरांच्या घामास हसत राहिला. मग जुलै आला. कुवेतमधील मित्रिबा येथे २०१६ च्या जुलैत ५३.९ अंशांची नोंद झालेली आहे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. तो गुपचूप आमच्याकडे येऊन म्हणाला, "फादर, उन्हात आपण श्रीमंत आहोत असे वाटले होते, येथे तर आपण त्यातही गरीब निघालो."

दुसरी गोष्ट उपासनेची. त्या देशात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून रविवारच्या मिस्सेस येणारी बहुतेक मंडळी शुक्रवारीच येते. एका मुलाने आईस कळविले की, मी दर शुक्रवारी न चुकता देवळात जातो. आई घाबरली. शुक्रवार हा आपला मांसवर्ज्य करण्याचा दिवस. त्याचा रविवार झाला तर उपवास कधी करतोस, असे तिने विचारले. मुलाने उत्तर दिले, "महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात." घरी हे वाक्य मोठ्याने वाचून सर्वजण पोट धरून हसले. त्या मुलाचा पगार पंचवीस तारखेच्या आसपास संपत असे आणि पुढचे पाच-सहा दिवस तो खरोखरीच पाव आणि दही खाऊन राही. त्याने खोटे काहीच लिहिले नव्हते.

आता त्या रोगाविषयी सांगावयाचे, ज्यास आम्ही 'गुणाकार' असे नाव दिले होते. कुवेतचा दिनार हे जगातील सर्वांत महाग नाणे. एका दिनारास आपले अडीचशेहून अधिक रुपये पडतात. त्याचे फिल्स शंभर नव्हेत, हजार असतात. नवा आलेला मनुष्य काहीही घेताना मनात गुणाकार करतो. पाव दिनाराचा चहा समोर आला की तो म्हणतो, बासष्ट रुपये! आणि पेला खाली ठेवतो. केस कापणे म्हणजे एवढे, बसचे तिकीट म्हणजे एवढे. एका खोलीत सहाजण राहत, त्यांतील जुना स्वयंपाकी नव्या पोरास म्हणे, "तू चहा पिऊ नकोस, गुणाकार पी, तोही कडकच असतो." त्या स्वयंपाक्याचे म्हणणे असे होते की, ज्याचा गुणाकार सुटला तो श्रीमंत झाला. परंतु गुणाकार दोन प्रकारांनी सुटतो. एकाचा सुटतो कारण तो सुखाने खर्च करू लागला. दुसऱ्याचा सुटतो कारण त्याने काही घेणेच सोडून दिले. बाहेरून दोघेही सारखेच निश्चिंत दिसतात.

इकडे घरी काय चालते? घरचेही गुणाकार करतात, पण मिळकतीचा. समजा, एखाद्यास एकशेवीस दिनार मिळतात. घरी हिशेब झाला: तीस हजार रुपये! आता त्याच्या बाजूने पाहा. खाटेच्या जागेचे वीस, जेवणाचे पस्तीस, प्रवासाचे व फोनचे दहा, राहिले पंचावन्न. जाताना जे कर्ज काढले त्याचा हप्ता पंचवीस. उरले तीस दिनार, म्हणजे साडेसात हजार रुपये. तो मनात साडेसात हजारांचा धनी आहे, घरच्यांच्या मनात तीस हजारांचा. ह्या दोन आकड्यांच्या मध्ये जे साडेबावीस हजार आहेत, त्यांतून किती घरांतील भांडणे निघतात हे आम्ही कबुलीपेटीबाहेरही पुष्कळ ऐकले आहे. त्या मनुष्यास खरा आकडा सांगवत नाही. अब्रूचा प्रश्न असतो. म्हणून तो विनोद करतो. पत्रात, फोनवर, सुट्टीत आल्यावर ओसरीवर बसून, तो सर्वांस हसवतो.

धन म्हणजे काय, ह्याविषयी तेथे जितके देश तितकी मते. फिलिपिनो बाई महिनोन् महिने एक मोठी खोक्याची पेटी भरीत असते. साबण, चॉकलेट, डबाबंद मांस, मुलांचे बूट. ती पेटी जहाजाने घरी पोहोचली म्हणजे तिचे धन पोहोचले. मलयाळी मनुष्य घर बांधतो, आणि असे बांधतो की त्यात राहावयास बहुधा त्याची म्हातारी आईच तेवढी असते. आमचा नागपूरकर प्लॉट घेतो. बेसा, बेलतरोडी, हिंगणा, जिकडे मिळेल तिकडे. तो घर बांधत नाही, कुंपण घालतो. दोन वर्षांनी सुट्टीवर आला की सहकुटुंब रिक्षा करून तो ते कुंपण पाहून येतो, आणि त्याचा जीव भरून येतो. ह्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ज्याने सहा वर्षे भिंतीस लावलेल्या दुमजली खाटेवर रात्री काढल्या, त्यास चहूंबाजूंनी मोकळी जमीन डोळ्यांनी पाहण्याचे सुख काय असेल, हेही ध्यानात घ्यावे.

कुवेती लोकांत जुन्या चालीचे घरंदाज गृहस्थ धन मोजतात ते बैठकीवरून. प्रत्येक मोठ्या घरी पुरुषमंडळीसाठी 'दिवानिया' म्हणून एक दालन असते. संध्याकाळी तेथे किती माणसे येऊन कॉफी पितात, त्यावर घराची प्रतिष्ठा. अशाच एका वृद्ध गृहस्थांशी आमचा परिचय झाला. ते आम्हांस म्हणाले, "तुमची माणसे येथे येतात त्याचे लोकांस नवल वाटते. आमचे आजोबा मुंबईस जात असत." हे खरे आहे. तेल निघण्यापूर्वी आखाताचे धन समुद्राच्या तळाशी होते. पाणबुडे श्वास रोखून मोती काढीत, आणि ते मोती विकावयास व्यापारी मुंबईच्या बाजारात येत. जपानी पैदाशीचे मोती निघाले, १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि तो धंदा बुडाला. कुवेतमध्ये १९३८ साली तेल सापडले. ते परदेशी जाऊ लागले १९४६ साली. तोवर आणि पुढेही त्यांच्या बाजारात चालत असे तो आपला रुपया. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार केला, तेव्हा एका दिनारास तेरा रुपये व एक तृतीयांश असा भाव ठरला होता. ते वृद्ध गृहस्थ हा आकडा विसरलेले नव्हते. "तेव्हा तेरा," ते म्हणाले, "आणि आता? तुमच्या रुपयाने आम्हांस लहानाचे मोठे केले. परतफेड करावी असे फार मनात येते, पण सुटे नाहीत!" आणि ते इतके मनापासून हसले की आम्हांसही हसू आवरेना. स्वतःच्या आजोबांच्या गरिबीची आठवण ठेवून केलेला तो विनोद होता; त्यात आमचा उपमर्द मुळीच नव्हता.

सर्वच विनोद असे नसतात. तेथे आपलेच सुशिक्षित लोक, वातानुकूलित कचेरीत बसणारे, रस्त्यावर काम करणाऱ्या आपल्याच देशबांधवांच्या बोलण्याची, कपड्यांची, विमानतळावर दोरीने बांधलेल्या खोक्यांची थट्टा करतात. ती आम्ही मेजवान्यांतून ऐकली आहे, आणि ती ऐकून जेवण गोड लागले नाही. ज्या संताच्या नावे आपल्या शहराचे प्रधान मंदिर आहे, त्याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिमय जीवनावरील आपल्या ग्रंथात श्रीमंतीत राहून मनाने निर्धन कसे असावे आणि खऱ्या दारिद्र्यात मनाने श्रीमंत कसे असावे, ह्यांवर निरनिराळी प्रकरणे लिहिली. आणि त्याच भागात पुढे उपहास व निर्मळ गंमत ह्यांतील भेदही सांगितला. त्या गमतीस त्याने ग्रीकांचा 'युट्रापेलिया' हा शब्द वापरला. संत थॉमस अॅक्वायनस ह्यांनी तर तिची गणना सद्गुणांत केली आहे. सेमिनरीत हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ आम्हांस एका मोटारहाक्याने शिकविला.

हा मोटारहाक्या एका मोठ्या घरी चाकरीस होता. धन्यास शिकारी ससाणे पाळण्याचा नाद. ह्या पक्ष्यांस परदेशी नेताना कागदपत्र लागते. संयुक्त अरब अमिरातीत तर २००२ पासून त्यांस रीतसर पारपत्र मिळते. इकडे चाकरमान्यांची पारपत्रे धन्याने स्वतःकडे ठेवून घ्यावीत अशी वाईट चाल, कायद्याने मना असूनही, पुष्कळ ठिकाणी होती. मोटारहाक्या म्हणे, "फादर, आमच्या घरी दोघांचे पारपत्र धन्याच्या कपाटात आहे, माझे आणि ससाण्याचे. फरक एवढाच की ससाणा मागतो तेव्हा त्याला मिळते." हा विनोद त्याने कोणास दुखविण्यासाठी केला नव्हता. परंतु त्यातला दावा कोणत्याही अर्जाहून स्पष्ट होता. पुढे त्यास त्याचे पारपत्र परत मिळाले; त्यासाठी पुष्कळ खेटे घालावे लागले, तो भाग येथे नको.

धनवानापुढे उभे राहून असा विनोद करणाऱ्यांत अग्रपूजेचा मान संत लॉरेन्स ह्यांचा. परंपरा सांगते की ते मूळचे स्पेनचे. रोमास येऊन डीकन झाले, म्हणजे परमुलखात चाकरी करणारेच. २५८ साली व्हॅलेरियन बादशहाच्या छळात नगराधिकाऱ्याने त्यांजकडे ख्रिस्तसभेचा खजिना मागितला. त्यांनी थोडी मुदत मागून घेतली. जे होते ते वाटून टाकले, आणि ठरल्या दिवशी शहरातील आंधळे, लंगडे, विधवा, भिकारी असा सारा समुदाय अधिकाऱ्यापुढे आणून उभा केला आणि हाच आमचा खजिना असे सांगितले. अधिकाऱ्यास ही थट्टा वाटली. ती थट्टा होतीच. पण शब्दशः खरीही होती, आणि तिची किंमत त्यांनी प्राणांनी दिली. आज जगभरचे आचारी त्यांस आपला आश्रयदाता संत मानतात. आमच्या कुवेतमधील स्वयंपाक्याच्या खाटेशी त्यांचेच चित्र होते.

धन एका रात्रीत कसे फिरते हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, असे काही कुटुंबप्रमुख ह्या सभेत बसलेले आहेत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. लवकरच कुवेती दिनाराची किंमत इराकी दिनाराइतकी ठरविली गेली, आणि मग तो चलनातूनच काढून टाकण्यात आला. ज्या नाण्याचा गुणाकार करीत माणसांनी वर्षे काढली त्याचा भागाकार झाला. ऑगस्ट ते ऑक्टोबर ह्या अवधीत एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीय मुंबईस आणले. त्यांत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ होते. अंगावरचे कपडे, बायको, दोन मुले आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा, एवढे घेऊन ते नागपुरास उतरले. मेव्हण्याने विचारले, घराचे काय केले? ते म्हणाले, "कुलूप लावून आलो. लुटारूंना दार फोडायचा त्रास पडू नये म्हणून किल्ली ठेवणार होतो, पण घाईत विसरलो." त्या घरात त्यांची चौदा वर्षांची मिळकत होती. मेव्हणे सांगतात की, त्यानंतर ते दोघे अंगणात बसून बराच वेळ हसले आणि मग बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

आता अलीकडची गोष्ट. नावगाव सांगण्याचे कारण नाही. आपल्यापैकीच एक कुटुंब समजा. मुलगी परिचारिका होऊन आखातात गेली. परदेशी नोकरी लावणाऱ्या परवानाधारक अडत्याने तीस हजार रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक घेऊ नये असा आपल्याकडे नियम आहे; आणि परिचारिकांची भरती २०१५ पासून अशा देशांसाठी सरकारी संस्थांमार्फतच व्हावयाची. परंतु ती त्याआधी गेली होती, आणि एका मध्यस्थाने तिच्या वडिलांकडून नियमाच्या कित्येक पट रक्कम काढली होती. ते कर्ज तिच्या नावावर नव्हते, पण तिच्या डोक्यावर होते. तीन वर्षे तिने पैसे पाठविले. घरावर मजला चढला. मग भावाचे लग्न निघाले. कार्यालय मोठे, दागिने जड. तिने फोनवर म्हटले, "मी म्हणजे तुमचे एटीएम. पण एटीएमला तरी बँकेचा माणूस येऊन भरतो." सर्वजण हसले. आईने तर ते वाक्य देवळाबाहेर आम्हांसही कौतुकाने सांगितले, "पोरगी तिकडे जाऊन किती बोलकी झाली पाहा!"

आम्ही हसलो नाही. आम्ही त्या मातेस एवढेच म्हटले की, आज रात्री फोन कराल तेव्हा पैशांचे काही विचारू नका. ती काय जेवली, कोणाबरोबर जेवली, आणि खोलीत किती जणी राहतात, एवढे तीन प्रश्न विचारा. मातेने विचारले. पहिल्या दोन प्रश्नांस मुलीने नेहमीप्रमाणे गमतीने उत्तरे दिली. तिसऱ्यास म्हणाली, "आठ." आणि मग तिचा आवाज येईनासा झाला. आईस वाटले फोन बिघडला.

ते लग्न झाले, पण लहान कार्यालयात. दागिन्यांपैकी अर्धे घेतले गेले नाहीत. वडिलांनी एका वहीत दोन रकाने आखले: एकात तिचे दिनार, दुसऱ्यात तिचा खर्च. मुलगी प्रत्येक महिन्यास आकडे सांगते आणि वडील लिहितात. पहिल्या महिन्याचा दुसरा रकाना पाहून ते आमच्याकडे वही घेऊन आले होते. ते बोलले काही नाहीत. वही मात्र आमच्या मेजावर उघडी ठेवून बराच वेळ बसून होते.

एकेकाळी ह्या शहरावरून साऱ्या देशाचे टपाल जात असे. १९४९ पासून पुष्कळ वर्षे दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालविमाने मध्यरात्री नागपुरास उतरत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत जात. परमुलखातून आलेली किती पत्रे, किती विनोद आपल्या डोक्यावरून गेले असतील! आता पत्र नाही, फोनच्या पडद्यावर तोंडही दिसते, आणि हसरे तोंड दिसले की घरचे निश्चिंत होतात.

वेळ झाला आहे, आणि स्वयंसेवक दाराशी उभे राहून आमच्याकडे पाहत आहेत. तेव्हा एक सूचना देऊन पुरे करतो. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या मोठ्या खोलीत, आखातातून परत आलेली आपल्या धर्मग्रामातील काही मंडळी बसणार आहेत. ज्यांची मुले जावयाच्या बेतात आहेत अशा आईबापांनी यावे, आणि ज्यांची मुले तेथे आहेत त्यांनी तर अवश्य यावे. कर्ज, अडत, पारपत्र, खोलीचे भाडे, जे विचारावयाचे ते विचारावे. ती मंडळी विनोदी आहेत, हसवतीलही. त्यांना मध्येच थांबवून आकडा विचारण्यास संकोच करू नये. वही व पेन्सिल आपापली आणावी. चहा समितीतर्फे आहे, आणि त्याचा गुणाकार कोणी करू नये.